महाविद्यालयाच्या आवाराची पर्यावरणस्नेही निगा : सुरुवात कोठून करावी?

एका महाविद्यालयाच्या परिसर समितीने विचारलेला प्रश्न असा आहे. आवारात मोठी हिरवळ आहे, काही जुने वृक्ष आहेत, पाण्यावरचा खर्च वाढत चालला आहे, तणनाशक आणि कीटकनाशक यांची फवारणी ठरलेल्या वेळापत्रकाने होते आणि पालापाचोळा गोळा करून गाडीने बाहेर पाठवला जातो. ही देखभाल पर्यावरणस्नेही करायची झाल्यास कोणती झाडे लावून सुरुवात करावी, आणि असे केल्याने आवार बेवारस दिसू लागेल का, हे समितीला जाणून घ्यायचे आहे. संस्थांच्या आवारांची निगा राखण्याचे काम मी दीर्घकाळ केले आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

काय लावायचे, हे सर्वांत शेवटी ठरवावे. त्याआधी सध्या दररोज, दर आठवड्याला आणि दर महिन्याला जी कामे चालू आहेत, त्यांपैकी कोणती थांबवता येतील आणि कोणती कमी करता येतील, याचा विचार करावा. झाड एकदा लावले जाते. पण गवत कापणे, पाणी देणे, झाडणे आणि फवारणे ही कामे वर्षानुवर्षे चालतात, आणि आवाराचा निसर्गावर जो काही बरावाईट परिणाम होतो तो मुख्यतः या कामांतूनच होतो. शंभर देशी रोपे लावली आणि त्यांच्या बुंध्याभोवती दर महिन्याला तणनाशक फवारले, खालचे प्रत्येक पान झाडून नेले आणि मुळांवरून गाड्या जाऊ दिल्या, तर त्या रोपांचा उपयोग वृक्षारोपणाच्या छायाचित्रापुरताच राहतो.

पहिले काम म्हणून आवाराचा नकाशा घ्यावा आणि समितीने माळ्यांसह संपूर्ण आवार पायी फिरावे. प्रत्येक तुकड्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारावा: या जागेवर गवत कापणाऱ्या माणसाखेरीज आणखी कोण पाऊल ठेवतो? खेळाचे मैदान, मुले बसतात ती हिरवळ, मुख्य प्रवेशद्वारासमोरचा भाग आणि समारंभ होतात ती जागा, या ठिकाणी हिरवळीला खरोखर काम आहे. याउलट इमारतींच्या मागच्या अरुंद पट्ट्या, कुंपणालगतची जागा, तीव्र उतार, दाट सावलीतले कोपरे आणि वाहनतळाच्या मधले तुकडे यांवर कोणीच जात नाही, तरीही तेथे पाणी, खत, इंधन आणि मजुरी खर्च होते. असे तुकडे नकाशावर रंगवून घेतले की कापणीखालच्या क्षेत्रातला केवढा मोठा भाग केवळ सवयीने कापला जात होता, हे समितीच्या लक्षात येते. त्याच फेरीत पायवाटाही पाहाव्यात. विद्यार्थी आखलेल्या रस्त्यावरून न जाता जिथून आडवे जातात, तिथे गवत मरते, माती दगडासारखी घट्ट होते आणि दरवर्षी नवे बी पेरून, दोरी बांधून, पाटी लावून ती जागा पुन्हा हिरवी करण्याचा प्रयत्न होतो. ती वाट मान्य करून तिच्यावर खडी किंवा पाणी मुरू देणाऱ्या फरश्या घालाव्यात आणि दोन्ही बाजूंची माती मोकळी करावी. हजारो पावलांनी निवडलेला रस्ता बदलण्यावर श्रम घालवू नयेत.

यानंतर मातीकडे वळावे. आवाराच्या देखभालीत सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने सांगतो. संस्थेच्या आवारातली माती सहसा मूळची माती राहिलेलीच नसते. इमारत बांधताना वरचा सुपीक थर निघून जातो, अवजड यंत्रे फिरून खालचा थर दाबला जातो, चुन्याचा आणि सिमेंटचा राडारोडा त्यात मिसळतो, आणि शेवटी बाहेरून आणलेल्या मातीचा बोटभर थर पसरून त्यावर हिरवळ अंथरली जाते. अशा जागी गवताची मुळे त्या वरच्या थरातच अडकून राहतात, म्हणून पाणी एक दिवस चुकले तरी गवत पिवळे पडते आणि माळी अधिक पाणी, अधिक खत देत राहतो. दुखणे मातीच्या घट्टपणाचे असते आणि उपचार मात्र नळीने चाललेला असतो.

हे तपासणे अवघड नाही. चांगला पाऊस किंवा पाणी झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबून पाहावी. ती एक वीत सहज गेली तर माती ठीक आहे; चार बोटांवर अडली तर मुळेही तिथेच अडत आहेत. दुसरी चाचणी डब्याची. दोन्ही बाजू उघड्या असलेला पत्र्याचा डबा काही सेंटिमीटर जमिनीत ठोकावा, त्यात अडीच सेंटिमीटर उंचीचे पाणी एकदा मुरू द्यावे, मग पुन्हा तेवढेच पाणी ओतून ते मुरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहावे. दोन तासांच्या आत मुरले तर तिथे पावसाचे पाणी जिरवण्याचा विचार करता येतो. बराच अधिक वेळ लागला तर आधी माती मोकळी करावी लागेल. आवारातल्या सात-आठ जागी ही चाचणी केली की पावसात पाणी कोठे साचते आणि का साचते, याचा उलगडा होतो. हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगे आहे, आणि वनस्पतिशास्त्र, भूगोल किंवा स्थापत्य या विषयांच्या प्रात्यक्षिकात ते सहज बसते.

प्रयोगशाळेतले मातीपरीक्षणही करून घ्यावे, मात्र नमुना नीट घ्यावा. एकाच प्रकारच्या जागेतून दहा-पंधरा ठिकाणची सुमारे पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढून, एकत्र मिसळून, त्यातला अर्धा किलो पाठवावा. मैदान, हिरवळ आणि झाडांखालची माती वेगवेगळी पाठवावी. सामू (आम्ल-विम्लता), सेंद्रिय कर्ब (कार्बन), क्षार, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) ही मूल्ये हाती येण्यापूर्वी कोणतेही खत टाकू नये. स्फुरदाबाबत विशेष सावध राहावे, कारण वर्षानुवर्षे संयुक्त खत घातलेल्या जमिनीत ते बहुधा भरपूर असते, आणि वाहत्या मातीबरोबर तळ्यात किंवा ओढ्यात गेले की तेथे शेवाळ माजवून पाण्यातला प्राणवायू संपवते. जास्तीच्या नत्राचा (नायट्रोजनचा) काही भाग पाण्याबरोबर भूजलात उतरतो, तर काही भाग नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. गरज नसताना टाकलेली खताची गोणी निरुपद्रवी नसते, हे यावरून ध्यानात यावे.

घट्ट माती मोकळी करण्याचा टिकाऊ मार्ग सेंद्रिय पदार्थांचा आहे, आणि तो पदार्थ आपल्या आवारातच दरवर्षी झाडांवरून पडतो. पालापाचोळा हा कचरा समजला जातो, इथेच सगळे बिघडते. झाडाने वर्षभर मातीतून उचललेली द्रव्ये पानांतून परत मिळत असतात. ती गाडीत भरून बाहेर पाठवायची आणि मग गोणीतले खत विकत आणायचे, हा उलटा व्यवहार आहे. पाने जाळणे तर पूर्णपणे बंदच करावे, कारण त्या धुरातले सूक्ष्म कण वर्गात बसलेल्या मुलांच्या फुप्फुसात जातात.

रस्ते, पायऱ्या, गटारांची तोंडे आणि छपरांवरच्या पन्हळी येथली पाने उचलावीच लागतात. झाडांच्या आणि झुडपांच्या खालची पाने मात्र तिथेच राहू द्यावीत. हिरवळीवर पातळ पडलेली पाने कापणी यंत्रानेच बारीक करून गवतात जिरवावीत. जमलेल्या पानांचे आच्छादन झाडांभोवती घालताना जाडी पाच ते दहा सेंटिमीटर असावी आणि बुंध्यापासून एक वीतभर जागा मोकळी सोडावी. बुंध्याला टेकवून आच्छादनाचा ढीग रचण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्याने साल सतत ओली राहून कुजते, उंदरांना आडोसा मिळतो आणि बुंध्यातून फुटलेली नवी मुळे खोडाभोवतीच गुंडाळली जाऊन काही वर्षांनी झाडाचा गळा आवळतात.

उरलेल्या पानांचे कंपोस्ट करावे. कोरड्या पानांत कर्ब जास्त आणि नत्र कमी असते, कापलेल्या ओल्या गवतात नत्र जास्त असते. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० ला एक याच्या आसपास ठेवायचे असते, आणि आकारमानाने दोन-तीन भाग पाने व एक भाग ताजे गवत घेतले की ते साधारण साधते. ओल इतकी असावी की मूठ आवळल्यावर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा. दीड मीटर उंचीचा ढीग नीट जमला की आतले तापमान ५५ अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि ढीग अधूनमधून वरखाली करत ते पंधरा दिवस टिकवले तर तणांचे बहुतेक बी आणि रोगकारक जंतू मरतात. ढिगाला आंबूस किंवा अमोनियाचा वास येऊ लागला तर ओल किंवा गवत जास्त झाले आहे असे समजून कोरडी पाने मिसळावीत. एक धोका मात्र जाणून असावा: क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही तणनाशके कंपोस्टच्या ढिगातही सहज नष्ट होत नाहीत. अशा औषधाखालचे गवत ढिगात गेले तर तयार खतामुळे भाजीपाला आणि फुलझाडांची पाने वेडीवाकडी होतात. बाहेरून गवत किंवा शेणखत आणताना ही चौकशी आधी करावी.

पाने गोळा करण्यासाठी पेट्रोलवर चालणारा ब्लोअर असेल तर तो आधी बदलावा. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाच्या हिशेबाप्रमाणे व्यावसायिक ब्लोअर एक तास चालवल्याने धुरके निर्माण करणारे जेवढे प्रदूषण होते, ते मोटारगाडी सुमारे १,७७० किलोमीटर चालवल्याइतके असते. तो धूर आणि तो आवाज सर्वांत जवळून सोसणारा माणूस म्हणजे यंत्र पाठीवर घेतलेला कामगार असतो. बॅटरीवरची यंत्रे आता पुरेशी चांगली मिळतात, आणि अनेक जागी लांब दांड्याचा खराटा हेच योग्य साधन आहे.

जी हिरवळ राखायची ठरेल, तिची निगा तीन-चार सवयींवर अवलंबून असते. एका कापणीत पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. गवताच्या जातीला मानवेल तेवढी जास्त उंची ठेवावी, कारण वर जेवढे पान तेवढे खाली मूळ, आणि उंच गवताच्या सावलीत तणाचे बी रुजत नाही. कापलेले गवत तिथेच पडू द्यावे. त्यातून हिरवळीच्या नत्राच्या गरजेचा सुमारे चौथा हिस्सा भागतो. यंत्राचे पाते धारदार असावे, बोथट पात्याने गवत फाटते आणि टोके तपकिरी पडतात. घट्ट भागात वर्षातून एकदा पोकळ दातऱ्यांच्या यंत्राने भोके पाडून वर चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर पसरावा. खेळाच्या मैदानाचे वेळापत्रक वेगळे असते आणि तेथे खेळाडूंच्या सुरक्षिततेला प्राधान्य द्यावे लागते, म्हणून ते इतर हिरवळीच्या नियमांत कोंबू नये. हिरवळ काढून तिथे कृत्रिम गवत अंथरण्याची सूचना कोणी केली तर मी स्पष्टपणे विरोध करीन. कडक उन्हात त्याचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते, त्याचे कण झिजून मातीत आणि पाण्यात जातात, आणि त्याखालची माती निर्जीव होते.

पाण्याचा हिशेब समितीसमोर अंकांत मांडावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उष्ण, कोरड्या दिवसांत हिरवळीतून रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जाते, म्हणजे एका हेक्टरला रोज ५० ते ६० हजार लिटर. मघाशी रंगवलेल्या निरुपयोगी तुकड्यांचे क्षेत्रफळ या आकड्याने गुणले की पाणी वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आपोआप समोर येतो. राखलेल्या हिरवळीवर तुषार सिंचन असेल तर सारख्या आकाराचे डबे ठिकठिकाणी ठेवून पंधरा मिनिटे पाणी सोडावे आणि प्रत्येक डब्यातली उंची मोजावी. एका डब्यात दुसऱ्याच्या दुप्पट पाणी भरलेले आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे. सर्वांत कोरड्या कोपऱ्यासाठी सगळी हिरवळ भिजवली जाते, आणि तोट्या बदलल्याने किंवा त्यांची दिशा सुधारल्यानेच पुष्कळ पाणी वाचते. पाणी पहाटे द्यावे, रोज थोडे देण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने खोलवर द्यावे. झुडपांना आणि नव्या झाडांना ठिबक सिंचन करावे, आणि ठिबकची नळी झाड वाढेल तशी बुंध्यापासून दूर सरकवत न्यावी. हे सरकवणे बहुतेक ठिकाणी राहूनच जाते.

पावसाचे पाणी हा स्वतंत्र विषय आहे, पण आवाराच्या रचनेशी तो थेट जोडलेला आहे. एक हजार चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर गळती आणि बाष्पीभवन वजा करूनही सुमारे वीस हजार लिटर पाणी मिळते. ते गटारात न सोडता उथळ, पसरट, झाडोऱ्याने भरलेल्या चरांत आणि खळग्यांत वळवावे. रस्त्याच्या कडेचा उंच दगडी काठ काही ठिकाणी कापला तर रस्त्यावरचे पाणीही त्यात उतरते. अशा खळग्यातले पाणी ४८ तासांच्या आत जिरले पाहिजे. डासांना अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास उबदार पाण्यातही साधारण आठवडाभर लागतो, त्यामुळे दोन दिवसांत कोरडा होणारा खळगा डास वाढवत नाही, आणि डासांच्या भीतीने होणाऱ्या विरोधाला हेच उत्तर आहे. सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरणे चांगलेच, परंतु त्यातले क्षार आणि सोडियम मातीत साठत जाऊन चिकणमातीची रचना बिघडवतात, म्हणून अशा पाण्याखालच्या मातीचे क्षार दरवर्षी तपासावेत.

कीड आणि तण यांच्याबाबत सध्याची वेळापत्रकानुसार होणारी फवारणी ताबडतोब थांबवावी, असा माझा आग्रह आहे. किडीची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच उपाय करावा, हा एकात्मिक कीड नियंत्रणाचा मूळ विचार १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील चार कीटकशास्त्रज्ञांनी शेतीसाठी मांडला. आवारात तर पिकाचे उत्पन्न बुडण्याचा प्रश्नही नसतो, त्यामुळे ती मर्यादा आणखी सैल ठेवता येते. जास्वंदीच्या किंवा कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर लगेच औषध आणू नये. त्याच फांदीच्या पानामागे भिंग घेऊन पाहावे. तिथे पिवळसर, उभट अंड्यांचे पुंजके किंवा काळसर, मगरीच्या आकाराच्या अळ्या असतील तर त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) आहेत आणि त्या मावाच खातात. फवारणी केली तर आधी त्या मरतात, आणि काही आठवड्यांत मावा पूर्वीपेक्षा जास्त येतो, कारण त्याची वाढ त्याच्या शत्रूंपेक्षा वेगाने होते. मावा वारंवार येत असेल तर नत्रयुक्त खत जास्त होत नाही ना, हे पाहावे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुणे आणि फारच झाले तर ते छाटणे एवढे बहुधा पुरते.

तणाचा प्रश्न पुष्कळसा उघड्या मातीचा असतो. जिथे माती उघडी राहते तिथे निसर्ग काहीतरी उगवतोच, म्हणून आच्छादन घालावे किंवा जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती लावाव्यात. फरशीच्या भेगांतले तण खुरप्याने किंवा उकळत्या पाण्याने जाते. ग्लायफोसेटविषयी मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला मानवात बहुधा कर्करोगकारक अशा गटात ठेवले, तर अनेक देशांच्या नियामक संस्था त्या निष्कर्षाशी सहमत झाल्या नाहीत. तरीही केवळ शोभेसाठी ते वापरण्याचे कारण मला दिसत नाही, कारण त्या गवतावर मुले बसतात आणि फवारणारा कामगार ते रोज हाताळतो. आक्रमक परकी झुडपे मुळासकट निघत नसतील, तर खोड कापून ताज्या कापावर औषधाचा ब्रश फिरवणे हा अपवाद मी मान्य करतो. अशा वेळी आधी फलक लावून सर्वांना कळवावे आणि औषधाचे नाव, मात्रा, जागा आणि कारण वहीत नोंदवावे.

आता झाडे. नवीन झाडांपेक्षा जुन्या झाडांची काळजी आधी घ्यावी, कारण मोठ्या झाडाची सावली, त्यावरचे पक्षी आणि त्यात साठलेला कर्ब यांची भरपाई रोप कित्येक दशके करू शकत नाही. संस्थांच्या आवारात जुनी झाडे बहुतेक वेळा मुळांवर घाव घातल्याने मरतात, आणि तो घाव घालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. झाडाची पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या मीटरभर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच पलीकडे पसरलेली असतात. केबल, जलवाहिनी किंवा नवा रस्ता यांसाठी बुंध्याजवळून खोदलेला चर एका बाजूची सगळी मुळे तोडतो. झाड दोन-तीन वर्षे हिरवे दिसते, मग शेंड्याकडून वाळू लागते आणि तेव्हा दोष किडीला किंवा दुष्काळाला दिला जातो. ऑस्ट्रेलियाच्या आणि ब्रिटनच्या मानकांत यासाठी सोपा नियम आहे: छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजावा आणि त्याच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ राखीव मानावे. साठ सेंटिमीटर व्यासाच्या झाडाभोवती हे वर्तुळ ७.२ मीटर त्रिज्येचे होते. या वर्तुळात खोदाई, मातीचा भराव, बांधकाम साहित्याचा साठा आणि वाहनतळ नको. वाहिनी न्यावीच लागली तर ती मुळांच्या खालून आडवे भोक पाडून न्यावी. महाविद्यालयाच्या प्रत्येक बांधकाम निविदेत हा नियम दंडासह लिहिलेला असावा. माझ्या मते संपूर्ण योजनेतला हा सर्वांत मोलाचा एक परिच्छेद ठरेल. बुंध्यापर्यंत आणून भिडवलेले काँक्रीट आणि खोडांना ठोकलेले खिळे व गुंडाळलेल्या तारा याच वेळी काढून टाकाव्यात.

छाटणीत फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा शाबूत ठेवून त्याच्या लगत बाहेरून काप घ्यावा. अमेरिकी वृक्षवैज्ञानिक ॲलेक्स शायगो यांच्या कामातून हे स्पष्ट झाले की झाडाची जखम भरून येत नाही, झाड तिच्याभोवती भिंत उभारून कूज अडवते, आणि ही भिंत उभारण्याची क्षमता त्या फुगवट्यात असते. म्हणून तो कापू नये, कापावर डांबर किंवा रंगही लावू नये. सगळा शेंडा सपाट उडवून टाकण्याची पद्धत बंद करावी, कारण त्यानंतर फुटणाऱ्या फांद्या वरवर जोडलेल्या असतात आणि पुढे वादळात त्याच मोडून पडतात.

नव्या लागवडीत एकाच जातीची रांग टाळावी. पूर्व आशियातून आलेला, ॲश वृक्षांचे खोड पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात आढळला आणि त्याने पुढे कोट्यवधी झाडे मारली. ज्या रस्त्यांवर आणि आवारांत केवळ ॲशच्या रांगा होत्या, तिथे सावलीच उरली नाही. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये सुचवलेले प्रमाण असे होते की एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त झाडे असू नयेत. यादी त्या प्रदेशातल्या मूळच्या वनस्पतींमधून करावी, कारण पाने खाणाऱ्या बहुतेक अळ्या ठरावीक झाडांवरच वाढतात आणि पिलांना भरवताना बहुतेक लहान पक्ष्यांना अळ्याच लागतात. लहान रोप घ्यावे. मोठे झाड उचलून आणताना त्याची बरीच मुळे तुटतात आणि काही वर्षांत लहान रोप त्याला गाठते. पिशवीत गोल फिरलेली मुळे लावताना मोकळी करावीत किंवा कापावीत. खड्डा रुंद असावा, खोल नको, आणि खोड जिथे मुळांकडे पसरते तो भाग जमिनीच्या वर दिसत राहावा. आवारात नैसर्गिक गवताळ माळ शिल्लक असेल तर त्यावर दाट झाडी उभी करू नये. तो माळ रिकामी जागा नसून स्वतंत्र अधिवास असतो आणि झाडांच्या गर्दीत तो कायमचा नाहीसा होतो.

समितीचा दुसरा प्रश्न दिसण्याविषयीचा होता, आणि तो मी गौण मानत नाही. लोकांना जागा बेवारस वाटली तर चांगली योजनाही पहिल्या तक्रारीनंतर मागे घ्यावी लागते. भूदृश्यकार जोन नॅसॉअर यांनी १९९५ च्या सुमारास दाखवून दिले की अस्ताव्यस्त वाटणाऱ्या नैसर्गिक झाडोऱ्याला निगेची स्पष्ट चिन्हे दिली की लोक तो आनंदाने स्वीकारतात. उंच गवताच्या तुकड्याभोवती मीटरभर रुंदीची नीट कापलेली पट्टी ठेवावी, कडा रेखीव असावी, मधून एक वाट काढावी, बाक ठेवावा आणि इथे काय वाढते आहे, केव्हा कापले जाईल, हे सांगणारी छोटी पाटी लावावी. मुख्य इमारतीसमोरचा भाग पूर्वीसारखाच नेटका ठेवावा आणि बदलाची सुरुवात बाजूच्या जागांपासून करावी. हार्वर्ड विद्यापीठाने २००८ मध्ये जुन्या प्रांगणातल्या सुमारे एक एकर जागेवर आधी प्रयोग केला, रासायनिक खते आणि कीटकनाशके बंद करून कंपोस्टवर भर दिला, आणि परिणाम पाहून क्षेत्र वाढवले. तिथे सिंचनाचे पाणी सुमारे ३० टक्क्यांनी घटले. चीनमधील शेनयांग जियानझू विद्यापीठाने नव्या आवारात शोभेच्या हिरवळीऐवजी भातखाचरे राखली, आणि विद्यार्थी तिथल्या लावणी-कापणीत भाग घेतात. दोन्ही आवारे पाहणाऱ्याला ती ओसाड वाटत नाहीत.

हे सगळे ज्यांच्या हातून होणार त्या माळ्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबते, कोणते झाड मोहोर धरेनासे झाले, सापाचे बीळ कुठे आहे, हे त्यांना माहीत असते आणि कोणी त्यांना विचारत नाही. काम ठेकेदाराकडे असेल तर करारातली भाषा तपासावी. महिन्याला चार कापण्या आणि दोन फवारण्या असे लिहिलेले असेल तर गरज असो वा नसो, त्या होणारच, कारण पैसे त्यांचेच मिळतात. त्याऐवजी गवताची किमान आणि कमाल उंची, आच्छादनाची जाडी, तपासणीच्या फेऱ्या आणि जगलेल्या रोपांचे प्रमाण यांवर मोबदला ठरवावा, आणि यंत्र खोडाला लागून साल निघाल्यास भरपाई वसूल करण्याची अट घालावी. गवत कापणाऱ्या दोरीच्या यंत्राने सोललेले बुंधे ही कोवळ्या झाडांच्या मृत्यूची फार मोठी आणि पूर्ण टाळता येण्यासारखी बाब आहे.

पहिल्या वर्षी समितीने एवढेच हाती घ्यावे: नकाशा, मातीच्या चाचण्या, फवारणीचे वेळापत्रक रद्द करणे, पानांची आवाराबाहेरची वाहतूक थांबवणे आणि जुन्या झाडांची राखीव वर्तुळे आखणे. पाण्याच्या मीटरचे आकडे, विकत घेतलेले खत, औषधे आणि इंधन यांची नोंद बदल सुरू करण्यापूर्वीच्या एका पूर्ण वर्षासाठी जुन्या बिलांवरून काढून ठेवावी, नाहीतर पुढे तुलना करायला काहीच हाती राहत नाही. दुसऱ्या वर्षी निरुपयोगी हिरवळ टप्प्याटप्प्याने काढावी आणि पाणी जिरवण्याचे चर घ्यावेत. लागवडीची यादी त्यानंतर करावी. तोवर कोणत्या जागेत किती ओल टिकते, ऊन कुठून येते आणि आपसूक काय उगवते आहे, हे दिसलेले असेल, आणि त्या यादीतली काही नावे जमिनीनेच सुचवलेली असतील.